घर न सोडणाऱ्या भाडेकरूकडून कायदेशीर ताबा कसा घ्यावा: कोकणातील घरमालकांसाठी टप्पे, क्रम आणि नेहमीच्या चुका

गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गावी आलेला घरमालक भाडेकरूला घर रिकामे करायला तोंडी सांगतो, भाडेकरू मान हलवतो आणि मालक मुंबईला परतला की सारे जैसे थे राहते. दोन-तीन वर्षे असे गेल्यावर मालकाचा धीर सुटतो. मग तो वीज तोडतो, भाडेकरू बाहेरगावी गेलेला असताना कुलूप घालतो किंवा हाती लागेल त्या नमुन्यावरून नोटीस धाडून घाईने दावा लावतो. यातून सुटणारा प्रश्नही अडकून बसतो, कारण ताब्याच्या प्रकरणात क्रमाला फार महत्त्व आहे. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. वकील नेमला तरी पहिले चार टप्पे बहुतांशी मालकालाच पार पाडावे लागतात, कारण कागद त्याच्या कपाटात असतात आणि घराची माहिती त्यालाच असते.

टप्पा १: घरात राहणारा माणूस कायद्याने कोण आहे ते ठरवणे

बोलताना सगळ्यांनाच भाडेकरू म्हटले जात असले, तरी कायद्याच्या दृष्टीने कोकणातील घरांत चार प्रकारचे लोक राहत असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी असते.

पहिला प्रकार खऱ्या भाडेकरूचा. घराचा किंवा गाळ्याचा संपूर्ण ताबा त्याच्याकडे असतो, तो दरमहा भाडे देतो आणि पुष्कळदा त्याचे वडील किंवा आजोबाही त्याच जागेत भाड्याने राहिलेले असतात. दुसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे भाडेपट्टा न देता फक्त वापराची परवानगी देणाऱ्या करारावर, ठरावीक मुदतीसाठी राहणाऱ्याचा. करार ११ महिन्यांचा असला म्हणजे लायसन्स झाले असे नाही. करारातील शब्द आणि प्रत्यक्ष व्यवहार दोन्ही पाहिले जातात. शिवाय १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरूचाच दर्जा दिलेला आहे, हे जुन्या बाजारपेठांतील मालकांनी लक्षात ठेवावे.

तिसरा प्रकार राखणदाराचा. मालक मुंबईत असताना घर झाडण्यापुसण्यासाठी किंवा आंब्याच्या बागेची राखण करण्यासाठी ठेवलेला माणूस मांगरात वा पडवीत वर्षानुवर्षे राहतो आणि नंतर निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे की राखणदार किंवा नोकर मालकाच्या वतीने जागा सांभाळत असतो आणि कितीही वर्षे राहिला तरी त्याला तिच्यात हक्क मिळत नाही. अशा माणसाला भाडेकरू म्हणून नोटीस पाठवणे ही मोठी चूक ठरते, कारण जे नाते नव्हते ते मालक स्वतःच लेखी कबूल करून बसतो.

चौथा प्रकार कुळाचा. जमीन कसणाऱ्या कुळाने, किंवा गावात दुसऱ्याच्या जागेवर घर बांधून राहणाऱ्या शेतमजुराने वा कारागिराने, बांधलेल्या घराला १९४८ च्या कूळकायद्यात स्वतंत्र संरक्षण आहे. समोरच्याने दाव्यात कुळाचा मुद्दा काढला तर तेवढ्यापुरता निर्णय दिवाणी न्यायालय देऊ शकत नाही. तो मुद्दा तहसीलदारांकडे पाठवला जातो आणि दावा तोवर थांबतो. घरालगतची वाडी किंवा बाग हाच माणूस कसत असेल, तर ७/१२ वरील कुळाचे व इतर हक्कांचे रकाने आधी पाहून घ्यावेत.

*तपासणी:* या माणसाशी असलेले नाते एका वाक्यात लिहून पाहावे. ते वाक्य लिहिताना अडखळायला झाले तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

टप्पा २: कोणता कायदा लागू आहे ते पाहणे

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे, पण तो राज्यातील प्रत्येक गावाला लागू नाही. कायद्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांतील राहण्याच्या, व्यवसायाच्या, शिक्षणाच्या आणि साठवणुकीच्या जागांना तो लागू होतो. आपले गाव किंवा शहर त्यात आहे का, हे अनुसूची उघडून स्वतः वाचावे. "जिल्ह्याचे ठिकाण आहे म्हणजे असेलच" किंवा "ग्रामपंचायत आहे म्हणजे नसेलच" असा अंदाज बांधू नये.

अनुसूचीत नसलेल्या गावात १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो आणि काम तुलनेने सोपे होते. महिन्याच्या भाड्याची जागा असेल तर कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो आणि नंतर ताब्याचा दावा करता येतो. तेथे ताबा मागण्याचे खास कारण सिद्ध करावे लागत नाही.

अनुसूचीतील क्षेत्रातही काही भाडेकरूंना भाडे नियंत्रणाचे संरक्षण मिळत नाही. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या त्यात मोडतात. तळमजला बँकेच्या शाखेला दिलेल्या मालकाला याचा उपयोग होतो.

*सावधान:* केंद्राने २०२१ मध्ये प्रसृत केलेला आदर्श भाडे कायदा हा राज्यांसाठी नमुना आहे. त्यातील मुदती आणि दुप्पट-चौपट भाड्याच्या तरतुदी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्यांच्या आधारे महाराष्ट्रात नोटीस लिहू नये.

टप्पा ३: कागद गोळा करणे

या टप्प्याला कंटाळून चालत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत मिळकत पत्रिका आणि घरपट्टीची पावती, तर ग्रामपंचायतीत नमुना नंबर ८ चा उतारा काढावा. कोकणात इथेच पहिली अडचण निघते: घर अजून आजोबांच्या नावावर असते आणि वारस मुंबई, पुणे, बडोदे असे पांगलेले असतात. इतर सहमालकांची हरकत नसेल तर एक सहमालकही ताब्याचा दावा करू शकतो. मात्र एका भावाने भाडेकरूच्या बाजूने शपथपत्र दिले की प्रकरणाची दिशाच बदलते. म्हणून दाव्यापूर्वी वारसनोंद करून घ्यावी आणि सर्व सहमालकांची लेखी संमती घ्यावी, किंवा सगळ्यांनी मिळून दावा लावावा.

भाड्याच्या बाजूने करार, भाडेपावत्यांची स्थळप्रत, बँक पासबुक, मनीऑर्डरच्या चिठ्ठ्या आणि जुना पत्रव्यवहार जमवावा. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. करार नोंदणीकृत नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो.

आता घराचे वर्णन. दाव्यात जागेची चतुःसीमा, सिटी सर्व्हे नंबर किंवा सर्व्हे नंबर, ग्रामपंचायतीचा घर क्रमांक आणि भाड्याने दिलेला नेमका भाग लिहावा लागतो. जुन्या चिरेबंदी घरात ओटी व दोन खोल्या भाडेकरूकडे, माजघर मालकाकडे आणि विहीर सामायिक, अशी वाटणी असते. ती कागदावर नकाशा काढून दाखवावी. ग्रामपंचायतीच्या फेरआकारणीत घर क्रमांक बदलला असेल तर जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक द्यावेत. हुकूमनाम्यातील (दाव्याच्या निकालानंतरच्या कोर्टाच्या आदेशातील) वर्णन दारावरच्या क्रमांकाशी जुळले नाही तर बेलीफ, म्हणजे ताबा घेऊन देणारा कोर्टाचा कर्मचारी, ताबा न घेताच परत जातो, आणि त्या वेळी दुरुस्तीसाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते.

*तपासणी:* मूळ भाडेकरू हयात आहे का? नसल्यास त्याच्या मृत्यूच्या वेळी त्या जागेत कोण राहत होते, किंवा दुकानात कोण त्याच्याबरोबर धंदा करत होते, याची नावे लिहून घ्यावीत. नोटीस आणि दावा या सर्वांविरुद्ध असावा लागतो. वगळलेला वारस शेवटच्या दिवशी दारात उभा राहतो.

टप्पा ४: ताबा मागण्याचे कारण निवडणे

भाडे नियंत्रण लागू असेल तर "घर माझे आहे आणि मला ते परत हवे आहे" हे कारण पुरत नाही. कलम १५ आणि १६ मधील कारणांपैकी किमान एक तरी सिद्ध करावे लागते. नेहमी उपयोगी पडणारी कारणे अशी.

*थकलेले भाडे.* मालकांना हे कारण सर्वांत सोपे वाटते आणि नुसत्या त्याच्याच बळावर ते दावा लावतात. मला ते एकट्याने वापरण्याजोगे वाटत नाही. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, आणि पुढे निकाल लागेपर्यंत भाडे भरत राहिला, तर या कारणावर हुकूमनामा होत नाही. एखाद्या जुन्या घराचे भाडे महिना शंभर-दीडशे रुपये असते. एवढी रक्कम कोणीही भरून टाकतो.

*मालकाची खरी आणि वाजवी गरज.* निवृत्तीनंतर गावी राहायला येणे, मुलाने गावात दवाखाना किंवा दुकान काढणे, कुटुंब वाढल्याने जागा अपुरी पडणे ही उदाहरणे. गरज सिद्ध करायला लागणाऱ्या तपशिलांसह मांडावी: निवृत्तीची तारीख, कुटुंबातील माणसे, सध्याची जागा आणि तिची अडचण. मालकाचे त्याच गावात दुसरे घर असेल तर ते लपवू नये, कारण उलटतपासात ते बाहेर येते आणि मग खरी गरजही खोटी वाटू लागते. ते घर का चालत नाही हे दाव्यातच सांगून टाकावे. गरज सिद्ध झाली तरी न्यायालय दोन्ही बाजूंच्या अडचणींची तुलना करते आणि प्रसंगी जागेच्या काही भागाचाच ताबा देते.

*जागा न वापरणे.* दाव्याच्या लगेच आधीचे सलग सहा महिने भाडेकरूने वाजवी कारणाशिवाय जागा ठरलेल्या कामासाठी वापरली नसेल, तर ताबा मागता येतो. भाडेकरू स्वतः मुंबईला गेला, घराला कुलूप आहे आणि भाडे मात्र नियमित येते, अशा प्रकरणांत हेच कारण कामाचे. येथे सर्वांत बोलका पुरावा म्हणजे महावितरणचे बिल. जुन्या घरांचा मीटर बहुधा मालकाच्याच नावावर असतो, त्यामुळे मागील बिले आणि युनिटांचा तक्ता मालकाला सहज मिळतो. सात-आठ महिने सलग शून्य किंवा दोन-तीन युनिट आणि फक्त गणपतीच्या महिन्यात थोडी वाढ, असा तक्ता शेजाऱ्याच्या तोंडी साक्षीपेक्षा जास्त पटतो. त्याला मुलांची शाळा, रेशनकार्डावरील पत्ता आणि गॅसजोडणी यांची जोड द्यावी.

*पोटभाडेकरू ठेवणे किंवा वापर बदलणे.* मालवण, गुहागर, हरिहरेश्वर अशा पर्यटनाच्या ठिकाणी राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या खोल्या हंगामात पर्यटकांना दिल्या जातात. याचे फोटो, जाहिराती आणि पावत्या तारखेसह जपाव्यात. घरी राहायला आलेला पाहुणा किंवा नातेवाईक मात्र पोटभाडेकरू होत नाही.

*परवानगीशिवाय पक्के बांधकाम.* मालकाच्या लेखी संमतीविना बांधलेली चिऱ्याची खोली यात येते. गरज असेल तिथे नगरपालिकेची परवानगी घेऊन केलेला स्वयंपाकाचा ओटा, लाकडी पार्टिशन, जाळीकाम किंवा दार यांना कायदा पक्के बांधकाम मानत नाही. पावसाळ्यासाठी लावलेल्या पत्र्याच्या झडपीवर दावा उभा करू नये.

याखेरीज शेजाऱ्यांना उपद्रव, नोकरीमुळे दिलेली जागा नोकरी सुटल्यावरही न सोडणे, आणि दुरुस्तीसाठी किंवा पाडून नव्याने बांधण्यासाठी ताबा ही कारणेही कायद्यात आहेत. बांधकामाशी संबंधित कारणांना मात्र अटी पुष्कळ आहेत.

*सावधान:* "भाडेकरूने स्वतःचा बंगला बांधला" हे जुन्या मुंबई भाडे कायद्यातील कारण १९९९ च्या कायद्यात घेतलेले नाही. मालकाची गरज सिद्ध करताना अडचणींच्या तुलनेसाठी बंगल्याचा उल्लेख जरूर करावा. स्वतंत्र कारण म्हणून मात्र तो टिकत नाही.

टप्पा ५: नोटीस

थकबाकीच्या कारणासाठी लेखी मागणीची नोटीस बंधनकारक आहे आणि ती पोचल्यानंतर ९० दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. इतर कारणांसाठी भाडे नियंत्रणाखाली भाडेपट्टा संपवण्याची स्वतंत्र नोटीस लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७९ मध्येच ठरवले आहे. तरीही सर्व कारणे एकाच नोटिशीत मांडावीत, कारण भाडेकरूच्या उत्तरातून त्याचा बचाव आधीच कळतो.

मागणीचा परिच्छेद आकड्यांसह आणि नेमका असावा. उदाहरणार्थ: "आपण दिनांक १ जून २०२४ पासून दरमहा रुपये १,५०० प्रमाणे भाडे दिलेले नाही. दिनांक ३० नोव्हेंबर २०२५ अखेर १८ महिन्यांचे रुपये २७,००० आपणाकडून येणे आहे. ही रक्कम नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत द्यावी." "गेली अनेक वर्षे भाडे थकले आहे" असे मोघम वाक्य लिहू नये. तीन वर्षांपूर्वीचे भाडे मुदतबाह्य होते, म्हणून ते मागणीत मिसळू नये. भाडेवाढ कायद्याने दरसाल ४ टक्के करता येते. मनाने लावलेला दुप्पट दर थकबाकी म्हणून दाखवू नये.

नोटीस पोस्टाने पाठवावी. रजिस्टर्ड पोस्टाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, त्यामुळे खिडकीवर पाकीट देताना नोंदणी आणि पोचपावती मागून घ्यावी. गावच्या पत्त्यावर एक आणि भाडेकरू जिथे खरोखर राहतो त्या पत्त्यावर एक अशा दोन प्रती धाडाव्यात. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आले तर ते फोडू नये; बंद पाकीटच कोर्टात दाखल करायचे असते. "घर बंद" असा शेरा आला तर पुन्हा पाठवावे.

*तपासणी:* मुदत मोजताना नोटीस पोचल्याचा दिवस धरत नाहीत. ती १० डिसेंबर २०२५ रोजी पोचली असेल तर नव्वदावा दिवस १० मार्च २०२६ हा येतो आणि दावा ११ मार्च किंवा त्यानंतर दाखल करता येतो. दोन दिवस आधी लावलेला दावा त्या कारणापुरता वाया जातो.

टप्पा ६: वाट पाहण्याच्या काळात काय करू नये

नोटिशीनंतरच्या तीन महिन्यांत मालकाच्या हातून सर्वांत जास्त नुकसान होते.

वीज किंवा पाणी तोडू नये आणि सामायिक विहिरीचा पंप काढून ठेवू नये. १९९९ च्या कायद्याच्या कलम २९ प्रमाणे आवश्यक सेवा बंद करणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे आणि न्यायालय सेवा ताबडतोब सुरू करायला लावू शकते. कुलूप घालू नये. बळाने बाहेर काढलेला भाडेकरू विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो आणि त्या दाव्यात मालकी हा मुद्दाच नसतो. पोलीस ठाण्यात अर्ज देऊनही घर रिकामे होत नाही, कारण तो अधिकार पोलिसांना नाही.

भाडे नाकारू नये. भाडेकरूने पाठवलेली मनीऑर्डर परत केली तर तो भाडे द्यायला तयार होता याचा पुरावा मालकच तयार करतो. रक्कम घ्यावी आणि "हक्क अबाधित ठेवून थकबाकीपोटी स्वीकारले" असे पावतीवर लिहावे. जिथे भाडे नियंत्रण लागू नाही तिथे ही काळजी जास्त घ्यावी, कारण मुदत संपल्यावर कसलीही नोंद न करता घेतलेले भाडे नव्याने भाडेपट्टा चालू ठेवल्यासारखे धरले जाण्याचा धोका असतो.

छप्पर गळत असेल तर पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घ्यावीत. मालक दुरुस्ती करत नाही हा भाडेकरूचा ठरलेला आरोप असतो आणि तो खोडण्यासाठी कामाचे बिल पुरते.

याच काळात कॅव्हेट दाखल करावे. म्हणजे भाडेकरू आधीच मनाईहुकूम मागायला गेला तर मालकाला ऐकल्याशिवाय आदेश होणार नाही. कॅव्हेटची मुदत ९० दिवसांची असते. संपली की पुन्हा दाखल करावे लागते.

टप्पा ७: दावा किंवा अर्ज

*राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली असेल तर* दिवाणी दाव्याऐवजी त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करावा. कोकण विभागासाठी हे काम कोणत्या कार्यालयात चालते आणि आपला तालुका कोणाच्या कक्षेत येतो, हे अर्जापूर्वी विचारून घ्यावे. लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते, अन्यथा अर्जातील म्हणणे मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. मुदत संपल्यानंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची भरपाई लायसन्स फीच्या दुप्पट दराने मागता येते. या आदेशावर अपील नाही. ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज करता येतो. मुदतीनंतर आलेले पैसे भरपाई म्हणूनच नोंदवावेत आणि अनामत रक्कम ताबा घेताना परत करावी. दुकानासाठी दिलेल्या लायसन्सला ही झटपट वाट मिळत नाही; त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते.

*भाडेकरूविरुद्ध* दावा सहसा तालुक्याच्या ठिकाणच्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालतो. दाव्यात ताबा, थकबाकी आणि दाव्याच्या तारखेपासून प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंतची नुकसानभरपाई या तिन्ही मागण्या असाव्यात. पोटभाडेकरू असेल तर त्यालाही प्रतिवादी करावे. दावा चालू असताना भाडे किंवा भरपाई नियमित भरण्याचा आदेश मागणारा अर्ज सुरुवातीलाच द्यावा.

मुंबईत राहणारे मालक गावच्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन मोकळे होतात. मुखत्यार कागद दाखल करू शकतो आणि तारखांना हजर राहू शकतो, पण मालकाच्या स्वतःच्या माहितीतील गोष्टींवर मालकाऐवजी तो साक्ष देऊ शकत नाही. गरज ज्याची आहे त्याने स्वतः साक्षीला यावे आणि उलटतपासाला उभे राहावे. मुलासाठी गाळा हवा असेल तर मुलानेही यावे. मधल्या तारखा ई-कोर्ट्सच्या ॲपवर दाव्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून पाहता येतात, त्यामुळे प्रत्येक मुदतीला गाडी पकडायची गरज नाही.

तडजोडीची बोलणी दाव्यात केव्हाही करावीत आणि ती लोकअदालतीत नोंदवावीत. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो आणि त्यावर अपील नसते. जागा सोडण्याची तारीख, तोवरचे भाडे आणि द्यायची रक्कम हे सारे त्यात लिहावे. स्टॅम्प पेपरवर घरगुती लिहून घेतलेल्या "जागा सोडतो" या कागदावरून बेलीफ येत नाही. बाजारपेठेतील पागडीच्या गाळ्यांत बहुधा हाच मार्ग व्यवहार्य ठरतो, कारण तिथे मुख्य प्रश्न रकमेचाच असतो.

*तपासणी:* दावा दाखल करण्यापूर्वी प्रत्येक कारणासमोर त्याचा कागद आणि साक्षीदार लिहावा. ज्या कारणासमोर काहीच लिहिता येत नाही ते वगळावे. कमकुवत कारणामुळे उलटतपास लांबतो.

टप्पा ८: हुकूमनाम्यानंतर

निकाल लागला त्याच आठवड्यात जिल्हा न्यायालयात कॅव्हेट दाखल करावे, कारण भाडेकरूला अपिलासाठी ३० दिवस असतात आणि स्थगितीचा अर्ज त्याबरोबरच येतो. स्थगिती मिळालीच तर चालू बाजारभावाच्या जवळ जाणारी रक्कम दरमहा भरण्याची अट घालावी असा आग्रह धरावा. तसा अधिकार अपिली न्यायालयाला आहे. जुने दीडशे रुपयेच भरत राहायचे असतील तर अपील लवकर संपवण्याची घाई भाडेकरूला नसते. त्यापुढचे प्रकरण उच्च न्यायालयात जाते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, तर रायगडचे मालक मुंबईलाच जातात.

स्थगिती नसेल आणि भाडेकरू निघत नसेल तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची मुदत १२ वर्षांची असली, तरी दोन वर्षांहून अधिक काळ गेल्यास आधी नोटीस काढावी लागते. न्यायालयाने ताब्याचे वॉरंट काढले की नाझर (अंमलबजावणी पाहणारा कोर्टाचा अधिकारी) ते बेलीफाकडे देतो. दार बंद असेल तर कुलूप तोडण्याची आणि विरोधाची शक्यता असेल तर पोलीस बंदोबस्ताची परवानगी न्यायालयाकडून आधीच मागून ठेवावी. बेलीफ दारात उभा असताना ती मिळत नाही.

त्या दिवशी दोन स्थानिक पंच, कुलूप तोडणारा, सामान वाहणारी माणसे आणि नवे कुलूप अशी तयारी मालकाने ठेवावी. पावसाळ्यात ताडपत्रीही ठेवावी, कारण बाहेर काढलेले सामान भिजले तर त्यावरून नवा वाद उभा राहतो. सामानाची एकेक नोंद पंचनाम्यात असावी आणि मोबाइलवर चित्रीकरण करावे. कोणी तिसरा माणूस आपला हक्क सांगून अडवू लागला तर हुज्जत न घालता बेलीफाला अडथळ्याचा अहवाल लिहू द्यावा. त्याचा निर्णय दरखास्तीतच होतो.

*सावधान:* ताबा पावतीवर सही करण्यापूर्वी प्रत्येक खोली, माळा, न्हाणीघर आणि मागील पडवी उघडून पाहावी. भाडेकरूच्या कुलपात राहिलेली एक खोली म्हणजे अपुरा ताबा.

टप्पा ९: ताब्यानंतरचे एक वर्ष

मालकाच्या गरजेसाठी ताबा मिळाला असेल तर त्याने एका महिन्यात ती जागा वापरात आणावी आणि वर्षभर दुसऱ्या कोणाला भाड्याने देऊ नये. असे न केल्यास जुना भाडेकरू न्यायालयाकडे जाऊन तीच जागा परत मागू शकतो. म्हणून राहायला आल्याच्या खुणा कागदावर ठेवाव्यात: वीजबिलातील युनिट, गॅसजोडणीचा बदललेला पत्ता, घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पावत्या. वर्षानंतर घर पुन्हा द्यायचे झाल्यास नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करूनच द्यावे. त्याची नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये आणि शहरी भागात १,००० रुपये आहे.